हात कुणाच्या पोटावर बसवायचा?

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई,
आणि राज्यातल्या सर्व वैद्यकीय महाविद्यालयांचे शल्यचिकित्सा विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सर्जन नाही. सरकारी रुग्णालयांतून निवृत्त झालेली भूलतज्ज्ञ आहे. “ऑपरेशन कसं शिकवायचं हे आता या बाई आम्हाला सांगणार का?” असं आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. ते आत्ताच येऊन जाऊ द्या, म्हणजे पुढचं वाचता येईल. भूल देणारा माणूस टेबलाच्या डोक्याशी, पडद्याच्या अलीकडे उभा असतो. सर्जनला पोट दिसतं. आम्हाला मॉनिटर दिसतो, घड्याळ दिसतं, आणि टेबलाच्या कोणत्या बाजूला कोण उभं आहे तेही दिसतं.

शिवाय पेशंटचा शेवटचा प्रश्न आमच्याच वाट्याला येतो. सलाईन लागलेलं असतं, बोटाला प्रोब लावलेला असतो, मास्क तोंडाजवळ येतो आणि बाई हळूच विचारते, “मोठे साहेबच करणार ना?” यावर कुठल्याही ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, एकच उत्तर मिळतं: “साहेब आहेत ना इथेच, काळजी करू नका.” यात खोटं काही नाही. साहेब असतातच. कधी हात धुऊन समोर उभे असतात, कधी शेजारच्या टेबलावर, कधी चहाच्या खोलीत. पण बाईंनी साहेब कुठे आहेत ते विचारलेलं नव्हतं.

मी हे पत्र त्या प्रश्नापायी लिहिते आहे: शिकाऊ सर्जनचा हात पेशंटवर पडण्याआधी बाहेर सरावानं का बसवू नये?

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन घ्या. सर्जरीच्या कोणत्याही युनिटमध्ये ते रोजचं आहे. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब पाऱ्याच्या 12 ते 15 मिलिमीटरवर ठेवतात. कॅमेरा हाऊसमनच्या, म्हणजे सर्वांत ज्युनियर डॉक्टरच्या हातात. आज सर्जरी शिकणाऱ्या सेकंड इयरच्या रेसिडेंट मुलाला ‘केस मिळाली’ आहे. वर्षभर त्यानं कॅमेरा धरला, टाके घातले, रात्री-बेरात्री गळवं फोडली. मुलगा हुशार आहे, मेहनती आहे. पण स्क्रीनकडे बघत दोन्ही हातांनी हत्यारं चालवण्याची त्याची ही पहिली वेळ. हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं, कारण पोर्टच्या जागी, म्हणजे पोटावरच्या भोकाशी, हत्यार टेकूवर फिरतं. चित्र सपाट असल्यामुळे खोली कळत नाही. ग्रास्पर, म्हणजे पकडायचा चिमटा, पित्ताशयाच्या बोटभर अलीकडेच हवेत मिटतो. पुन्हा उघडतो, पुन्हा हवेत मिटतो. मग पकड सापडते ती इतकी घट्ट, की पित्ताशयाला भोक पडतं, पित्त सांडतं आणि “सक्शन द्या” अशी हाक येते. इकडे माझ्या मॉनिटरवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड 36 वरून 44 वर गेलेला असतो आणि मी व्हेंटिलेटरचा रेट वाढवत असते. पाऊण तासाच्या कामाला दोन तास लागतात. शेवटी साहेब डावीकडे येतात, म्हणतात “आण इकडे,” आणि थोड्या वेळात काम उरकतात.

पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जातो. केसपेपरवर ‘अनइव्हेंटफुल’, म्हणजे विशेष काही घडलं नाही, असं लिहिलं जातं.

बहुतेक वेळा असंच होतं, आणि हे मी मुद्दाम सांगते आहे. सरकारी रुग्णालयात जाणाऱ्यांना घाबरवायला मी बसलेली नाही. अनुभवी सर्जन समोर उभा असेल तर शिकाऊ हातानं केलेलं ऑपरेशन सहसा सुखरूप पार पडतं. माझी तक्रार वेगळी आहे. त्या दोन तासांत मुलगा काय शिकला? टोक उलट्या दिशेला जातं, हे शिकला. स्क्रीनवर खोलीचा अंदाज कसा घ्यायचा, हे थोडंसं शिकला. हे शिकायला जिवंत माणूस लागत नाही. सलाईनच्या बाटल्यांचं रिकामं खोकं पुरतं. खोक्याच्या झाकणाला दोन भोकं पाडून त्यात बाद झालेले ट्रोकार, म्हणजे हत्यारं आत घालायच्या नळ्या, बसवायचे, वर टॉर्च लावलेला मोबाइल ठेवायचा, आत दोन वाट्या. एका वाटीतला राजम्याचा दाणा उचलायचा, हवेत या हातातून त्या हातात द्यायचा, दुसऱ्या वाटीत टाकायचा. दाणा पडला तर पहिल्यापासून सुरू. मग गॉजच्या तुकड्यावर पेनानं गोल काढून रेघ न सोडता तो कापायचा. मग हातमोज्याच्या कापलेल्या बोटाला आतल्या आत गाठ मारायची. होस्टेलच्या खोलीत असं खोकं करून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या झोपेच्या वेळेत. ते करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी ते केलं की नाही हे केस देताना कुणी विचारलंही नाही.

आता जरा आकड्यांकडे येते. 1990 साली डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, भारतातलं पहिलं. पुढच्या काही वर्षांत जगभर हे तंत्र इतक्या झपाट्यानं पसरलं की भलेभले सर्जन एखाद्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत शिकून सोमवारी ओटीत उभे राहू लागले. त्याची किंमत अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या सर्जनांच्या एका गटानं 1995 मध्ये मोजून छापली. 55 सर्जन, 8,839 ऑपरेशनं, 15 वेळा मुख्य पित्तनलिकेला इजा. त्यातल्या सुमारे 90 टक्के इजा त्या-त्या सर्जनच्या पहिल्या 30 केसमध्ये झालेल्या. गणित मांडल्यावर दिसलं की सर्जनच्या पहिल्या केसमध्ये इजेची शक्यता 1.7 टक्के आणि पन्नासाव्या केसला 0.17 टक्के. म्हणजे बरोबर दहापट फरक. पित्तनलिका कापली गेली म्हणजे काय होतं हे आपल्याला सांगायला नको. कावीळ, पोटात साचलेलं पित्त, नळ्या, मोठ्या शहरातल्या रुग्णालयात रवानगी, यकृतातली नलिका आतड्याला जोडण्याचं मोठं ऑपरेशन, आणि त्यानंतरही आयुष्यभर टांगती तलवार. पंचविशीतली बाई खड्यांसाठी येते आणि चाळिशीपर्यंत रुग्णालयाच्या चकरा मारते.

ती पहिली केस कुणाची असते? ज्याला ‘माझं ऑपरेशन अमुकच करतील’ असं सांगता येत नाही, त्याची. खाजगी रुग्णालयात पैसे मोजणारा माणूस सर्जनचं नाव विचारून दाखल होतो. आमच्याकडे येणाऱ्याला युनिटचा वार माहीत असतो, तेवढंच. हात त्याच्या पोटावर बसतो आणि बसलेला हात पुढे बाहेर जाऊन प्रॅक्टिस करतो. यात कुणा एका मुलाचा दोष नाही. पण शिकण्याचा धोका पूर्ण टाळता येत नसेल, तरी जेवढा टाळता येण्यासारखा आहे तेवढाही गरिबाच्या अंगावर का टाकायचा, याचं उत्तर व्यवस्थेनं द्यायला हवं.

टाळता येतो, याचे पुरावे जुने झाले. 2002 साली येल विद्यापीठात 16 रेसिडेंट घेतले. निम्म्यांना नेहमीसारखं शिकवलं, निम्म्यांना त्याशिवाय संगणकी सिम्युलेटरवर बसवलं. मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय यकृतापासून सोडवलं आणि व्हिडिओ बघणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला हे सांगितलं नव्हतं. सिम्युलेटरवर तयार झालेली मुलं 29 टक्के जलद निघाली. दुसऱ्या गटात पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडेच भाजण्याची शक्यता पाचपट. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती आकड्यांच्या बाजूला पडते: त्या मुलांना ‘इतके तास सराव करा’ असं सांगितलेलं नव्हतं. निष्णात सर्जनांनी त्याच यंत्रावर जी पातळी गाठली, ती गाठेपर्यंत सुट्टी नव्हती. कुणाला लवकर जमलं, कुणाला उशिरा. अमेरिकेत 2009-10 पासून जनरल सर्जरीच्या बोर्डाची परीक्षा द्यायची असेल तर दुर्बिणीच्या मूलभूत कौशल्यांची चाचणी आधी पास व्हावी लागते. चाचणीतली कामं कोणती? खुंट्यांवरून कड्या उचलून दुसरीकडे ठेवणं, गॉजवरचा गोल कापणं, फास अडकवणं, बाहेर गाठ, आत गाठ. सलाईनच्या खोक्यात होतील अशी.

आपल्याकडे या विषयावर कार्यक्रम झाला की सुश्रुताचं नाव घेतल्याशिवाय दीपप्रज्वलन होत नाही. घ्यायलाच हवं. सुश्रुतसंहितेतल्या सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्यानं सगळं लिहून ठेवलं आहे: छेद घ्यायला कोहळा, दुध्या, काकडी, कलिंगड, चिरा द्यायला पाण्यानं-चिखलानं भरलेल्या कातडी पिशव्या, खरवडायला केसांसकट ताणलेलं कातडं, शिरा वेधायला मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ, आतली वस्तू ओढून काढायला फणसाचा गर, टाके घालायला कापड आणि मऊ चामडं, पट्ट्या बांधायला कापडाचा माणूस. आणि शास्त्र कितीही ऐकलेलं असो, हा सराव न केलेला माणूस प्रत्यक्ष कामाला नालायक, हेही त्यानंच सांगितलं आहे. भाषणात हे वाचून दाखवतात, टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी त्याच महाविद्यालयात कोहळ्याऐवजी पेशंट.

स्किल्स लॅब, म्हणजे पुतळ्यांवर आणि यंत्रांवर सराव करायच्या खोल्या, नाहीत असं मी म्हणत नाही. 2020 च्या नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला त्या करायला लावल्या, 150 विद्यार्थ्यांपर्यंत 600 चौरस मीटर, त्यापुढे 800. चौरस मीटर मोजता येतात, म्हणून तपासणीत ते मोजले जातात. पण खोली सकाळी नऊला उघडते आणि पाचला बंद होते. सर्जरीचा रेसिडेंट नऊ ते पाच कुठे असतो हे आपल्याला माहीत आहे. किल्ली ज्या कर्मचाऱ्याकडे असते तो सुट्टीवर गेला की पुतळ्यांनाही सुट्टी. महागड्या सिम्युलेटरवरचं प्लास्टिक काढलेलं नसतं, कारण बिघडला तर जबाबदारी कुणाची? आणि टाके शिकायच्या पॅडची दरवर्षीची खरेदी कुठल्या हेडमधून करायची यावर फाइल अडलेली. यातलं काहीच दुष्टाव्यानं होत नाही. आपण खोलीला नियम लावला आणि हाताला लावायचा राहिला, एवढंच.

माझी मागणी साधी आहे. ‘सराव करावा’ असं अभ्यासक्रमात लिहिणं वेगळं आणि ‘चाचणी पास झाल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही’ असं लिहिणं वेगळं. मला दुसरं हवं आहे. विद्यापीठानं ठरवावं की दुर्बिणीची कोणतीही पायरी मुख्य ऑपरेटर म्हणून करण्याआधी रेसिडेंटनं बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे वर सांगितलेल्या खोक्यासारख्या साधनावर, ठरलेली पातळी गाठलेली असली पाहिजे. आतडं जोडण्याआधी खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या आतड्यावर त्यानं केलेला जोड पाणी भरून तपासलेला असला पाहिजे. तपासणारा दुसऱ्या युनिटचा असावा, कारण आपल्याच पोराला नापास करणं कुणालाच जमत नाही. निकाल ई-लॉगबुकात चढावा आणि ओटी लिस्टवर नाव घालताना तो बघितला जावा. नापास झाला तर पुन्हा द्यावी, दहा वेळा द्यावी, त्यात लाज कसली? लॅब रात्री अकरापर्यंत उघडी असावी आणि त्या वेळेची ड्युटी लावताना हा सराव कामाचा भाग धरला जावा. 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तासांहून जास्त ड्युटी सहसा नसावी असं म्हटलेलं आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रत्येक संपात आपण ऐकतो. छत्तीस तास जागलेल्या मुलाला खोक्यापुढे बसवून काही उपयोग नाही, हेही त्याच ओघात लिहिते.

आधी सिम्युलेटरवर शिकणाऱ्या विमानाच्या पायलटचं उदाहरण मी देणार नाही. सगळे देतात. त्यात एक गोष्ट विसरली जाते, की विमान पडलं तर पायलटही मरतो.

आता एक कडू गोष्ट. नियम फक्त मुलांना लावून चालणार नाही. नव्वदच्या दशकात दुर्बिणीच्या वेळी जे झालं ते आता रोबोटच्या वेळी होतं आहे. यंत्र येतं, कंपनीचा माणूस येतो, वरिष्ठ सर्जनचं प्रशिक्षण होतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या सर्जनचीही त्या यंत्रावरची पहिली केस ही पहिलीच केस असते. अनुभवामुळे तो संकट लवकर ओळखेल, हे खरं. पण हाताला नवं यंत्र नवंच. मिशिगनमध्ये 2013 साली 20 बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या, सर्जनांनी आपापल्या ऑपरेशनचा एकेक व्हिडिओ दिला, इतर सर्जनांनी नाव न कळता गुण दिले, आणि खालच्या पाव गटातल्यांच्या पेशंटमध्ये गुंतागुंती 14.5 टक्के, वरच्यांमध्ये 5.2 टक्के निघाल्या. हे सगळे शिकून मोकळे झालेले, प्रॅक्टिस करणारे लोक होते. प्रोफेसरांनी आपला व्हिडिओ दुसऱ्याकडून तपासून घेतला तर मुलांना चाचणीचा अपमान वाटणार नाही. नाहीतर चाचणी म्हणजे ज्युनियरच्या छळाचं आणखी एक साधन होईल, आणि तशी साधनं आपल्याकडे कमी नाहीत.

सिम्युलेशनवाल्यांनाही दोन शब्द. पुतळ्याला दुखत नाही, त्याला नवरा नसतो, तो रक्त देतो तेही ठरल्यासारखं. पित्ताशयाच्या नळीजवळच्या कॅलोच्या त्रिकोणात माणसागणिक निराळी रचना दिसू शकते, प्लास्टिकच्या सगळ्या पोटांत एकच. यंत्रावर शंभर गुण मिळवलेला मुलगा आत चिकटलेलं, सुजलेलं पित्ताशय बघून थबकला नाही तर तो जास्तच धोक्याचा. म्हणून चाचणी म्हणजे ओटीत शिरण्याची परवानगी, साहेबांनी बाहेर जाण्याची नव्हे.

आणि मृतदेहांचं काय? शवांवर कौशल्य शिकवणाऱ्या प्रयोगशाळांचा आता बोलबाला आहे, आणि पुतळ्यापेक्षा शव कितीतरी सरस, यात वाद नाही. पण आपल्या 1949 च्या शरीरशास्त्र कायद्यानं बेवारस मृतदेह महाविद्यालयांकडे येतात. बेवारस कोण होतं? फलाटावर झोपणारा, घर सोडून आलेला, ज्याचा दावा सांगायला कुणाकडे गाडीभाडं नव्हतं तो. जिवंतपणी ज्याच्यावर हात बसवू नये म्हणून आपण भांडतो, मेल्यावर पुन्हा त्याच्यावरच बसवायचा? महाराष्ट्रात देहदानाचा अर्ज भरणारी माणसं काही कमी नाहीत. सर्जरीच्या सरावासाठी दान केलेले देहच वापरावेत, आणि अर्जातच ‘शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. बहुतेकांची ‘पहिल्या वर्षाची मुलं बघतील’ अशी समजूत असते. कंपनीच्या पैशांवर चालणाऱ्या कार्यशाळेत आपला देह जाईल का, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. फी भरू शकणाऱ्या मुलांनाच असा सराव मिळतो आणि बाकीच्यांना पेशंट, हीही एक गोष्ट विद्यापीठानं पाहावी.

भूल दिलेल्या माणसावर सराव हा तर थेट माझ्या टेबलावरचा विषय. बाई झोपलेली आहे, ऑपरेशन गर्भाशयाचं आहे, तेव्हा दोन-चार मुलांनी आतून तपासून शिकून घ्यावं, असं जगभर चालत आलं. अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्यानं एप्रिल 2024 मध्ये रुग्णालयांना बजावलं की अशा तपासणीसाठी आधी स्पष्ट संमती घेतलीच पाहिजे. या तपासणीचे पुतळे स्वस्त आहेत आणि चांगले आहेत. पुतळ्यावर शिकलेल्या मुलीनं नंतर जाग्या बाईला विचारून, तिच्या होकारानं तपासावं. बायका हो म्हणतात. विचारलं तर म्हणतात.

यावर नेहमीचं उत्तर असं की पेशंटला ‘रेसिडेंट करणार’ सांगितलं तर कुणी तयार होणार नाही आणि मुलं शिकणार कशी. मला हे पटत नाही. आज सांगायला आपण कचरतो, कारण सांगण्यासारखं आपल्याकडे काही नाही. ‘याची ही पहिलीच वेळ’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पण ‘या डॉक्टरांनी सरावाची परीक्षा पास केली आहे, मोठे डॉक्टर पूर्ण वेळ शेजारी उभे राहतील’ हे सांगता येतं. चाचणीचा नियम आला की टेबलाच्या डोक्याशी आम्हाला येणाऱ्या त्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येईल. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती तीच संमती, आणि एका गोष्टीची संमती दुसरीला चालत नाही. तो निकाल ऑपरेशन कोण करणार याबद्दल नव्हता. पण पुरेशा माहितीत ते येत नाही असं कुणी पेशंटच्या तोंडावर म्हणून दाखवावं.

म्हणून शेवटची विनंती संमतिपत्राबद्दल. ‘डॉक्टर व त्यांचे सहकारी’ ही ओळ काढून टाकावी आणि तिच्या जागी पुढचा मजकूर घालावा: “माझं ऑपरेशन डॉ. ______ करतील. ते प्रशिक्षणार्थी आहेत / नाहीत. प्रशिक्षणार्थी असल्यास, या ऑपरेशनची सराव-चाचणी त्यांनी दिनांक ______ रोजी उत्तीर्ण केली आहे आणि डॉ. ______ सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेबलाशी हजर राहतील. प्रशिक्षणार्थी नको असल्यास मी तसं सांगू शकते / शकतो, त्यामुळे माझ्या उपचारात किंवा माझ्या तारखेत फरक पडणार नाही.” हा मजकूर आदल्या संध्याकाळी वॉर्डात, पेशंटच्या बोलीत वाचून दाखवावा, नातेवाइकांसमोर. ओटीच्या दारात स्ट्रेचर थांबवून नाही. अंगठा त्यानंतर घ्यावा. आणि त्याची एक प्रत केसपेपरच्या पहिल्या पानाला, आम्हा भूल देणाऱ्यांना डोक्याशी उभं राहून वाचता येईल अशी, लावलेली असावी.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ